‘पाद’ म्हटलं की लेकरू एवढं का हसतं?

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. गावातली लेकरं आपापले लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती. बैलांना झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. आमच्या अंगणवाडीतला पाच वर्षांचा एक पोट्टा ओसरीपाशी येऊन थांबला. त्याच्या बैलाच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध काळ्या मातीचे तीन गोळे चिकटवलेले होते. अजून ओलेच होते, बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

“बाई, पाहा, माह्या बैलानं शेण टाकलं!” एवढं बोलून तो हसत सुटला. हसता हसता खाली बसला, दोरी हातातून सुटली, बैल कलंडला, तरी हसू थांबेना. ओसरीवर बसलेली म्हातारी माणसंही हसली. एकाने खिशातून दहाची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. “पोट्टं हुशार हाय.”

दोनच दिवसांनी त्याच पोट्ट्याने जेवताना वरणाच्या वाटीकडे बोट दाखवून सांगितलं, “हे तं पातळ शी हाय.” आबांनी पाठीत धपाटा घातला. आजीने ताट उचललं. दिवाळीला येणाऱ्या बहिणीसमोर असं बोलला तर काय, या विचाराने आईचा घास घशातच अडकला.

पुढच्या माता-बैठकीत सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. “बाई, याले काय करू? दिवसभर पाद, शी, ढुंगण. दुसरं काही तोंडातच येत नाई. पाहुणे आले का जास्तच. मले तं लोकायसमोर मान वर करता येत नाई.”

तीन ते सहा वर्षांची लेकरं मी रोज सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे दरवर्षी येतो. कोणी हसत विचारतं, कोणी रडकुंडीला येऊन. लेकरू बिघडलेलं नाही, हे उत्तर एका वाक्यात देता येतं. पण तेवढ्याने कोणत्याच आईचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून मुळापासून सांगते.

## आधी हसू कुठून येतं ते पाहू

शाळेत परिपाठ चालू आहे. सगळी लेकरं डोळे मिटून, हात जोडून उभी आहेत. तेवढ्यात कुंपणापाशी एक शेळी जोरात ‘बें’ करते. सगळी रांग खदखदायला लागते. शेळीचं ओरडणं रोजचंच आहे, त्यात नवल काही नाही. हसू आलं ते ती नको त्या वेळी ओरडली म्हणून. जे जिथे असायला नको ते तिथे येणं, याला अभ्यासक ‘विसंगती’ म्हणतात. बहुतेक विनोदांच्या मुळाशी हीच असते.

विसंगती कळायला आधी संगती कळावी लागते. गाय हंबरते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ‘गाय भुंकते’ म्हटल्यावर हसू येतं. मुलांच्या विनोदावर बरीच वर्षं काम केलेले अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल मॅकघी यांनी दाखवलं की लेकराची समज जसजशी वाढते, तसतसा त्याचा विनोदही एकेक पायरी चढतो. तान्हं बाळ आईने तोंडावर पदर घेऊन ‘बुवा कुक’ केलं की हसतं. दोन वर्षांचं लेकरू पायातली चप्पल हातात घालून हसतं. तीन वर्षांचं मुद्दाम म्हशीला मांजर म्हणतं. सहा-सात वर्षांचं झालं की एका शब्दाचे दोन अर्थ कळायला लागतात आणि कोड्यांची गोडी लागते.

चार-पाच वर्षांचं लेकरू या जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं असतं. त्याला थोडे नियम कळलेले असतात, फार नाहीत. निवडणूक, सोयरीक, पैसा यांवर मोठी माणसं विनोद करतात, कारण त्यातले नियम त्यांना पाठ असतात. चार वर्षांच्या लेकराला पक्का पाठ झालेला मोठा नियम एकच, शी-सू कुठे करायची आणि त्याबद्दल कुठे बोलायचं नाही. साहजिकच त्याचे विनोद त्याच नियमाभोवती फिरतात.

## टाळ्या आपणच वाजवल्या होत्या

थोडं मागे जाऊ. लेकरू साधारण दोन ते चार वर्षांचं होईपर्यंत शी-सू वर ताबा ठेवायला शिकतं. कोणी लवकर शिकतं, कोणी उशिरा. वाटतं तितकं ते सोपं नसतं. पोटातून आलेली कळ ओळखायची, ती थोपवून धरायची, कोणाला तरी सांगायचं, चड्डी काढायची, बसायचं आणि मग सैल सोडायचं. ट्रॅक्टर चालवायला शिकणाऱ्या माणसाला क्लच, ब्रेक आणि गिअर एकदम सांभाळताना जसा घाम फुटतो, तसंच हे काम आहे.

त्या दिवसांत घरात दुसरा विषयच नसतो. “शी आली का रे? केली का? शाब्बास माह्या राजा!” आजी शेजारणीला सांगते, मावशीला फोन जातो. लेकराच्या आयुष्यातलं हे पहिलं मोठं यश, आणि त्याच्यासाठी अख्खं घर टाळ्या वाजवतं. मग वर्षभरात तेच लेकरू तोच शब्द उच्चारतं आणि घर ओरडतं, “चूप! घाण बोलू नको!”

कालपर्यंत ज्या शब्दाला शाब्बासकी मिळत होती, त्यालाच आज धपाटा का, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग ते स्वतःच शोधायला निघतं. खुंट्याला बांधलेलं वासरू दोर ताणताणून पाहतं, त्याशिवाय दोर किती लांब आहे हे त्याला कळत नाही. लेकरू तेच शब्दाने करत असतं. आजीसमोर म्हटलं तर काय होतं, मामासमोर म्हटलं तर काय, जेवताना म्हटलं तर काय. प्रत्येक वेळी ते तुमच्या तोंडाकडे पाहतं. पुढच्या वेळी लक्ष देऊन पाहा, शब्द बाहेर पडायच्या आधीच त्याची नजर तुमच्यावर खिळलेली असते.

## शेण चालतं, मग गू का नाही?

खेड्यातल्या लेकरासाठी हे कोडं शहरातल्या लेकरापेक्षा जास्त अवघड असतं, असं मला वाटतं. आजी रोज सकाळी हाताने शेण कालवून अंगणात सडा टाकते. गोवऱ्या थापते. सणाला त्याच शेणाने देवापुढची जागा सारवली जाते. वावरात शेणखताची गाडी आली की घरात आनंद असतो. मग आपल्या शीचं नाव काढलं तर सगळे नाक का मुरडतात? पाच वर्षांच्या डोक्याला हा रास्त प्रश्न पडतो. बैलामागे मातीचे गोळे लावणारा पोट्टा मला याच प्रश्नाशी खेळताना दिसला.

घाण वाटणं हे लेकरू जन्माला येताना बरोबर घेऊन येत नाही, ते शिकतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याचा एक प्रयोग केला होता. शेंगदाण्याचं लोणी आणि उग्र वासाचं चीज मिसळून त्यांनी हुबेहूब कुत्र्याच्या शीसारखा गोळा बनवला आणि तो लहान मुलांपुढे ठेवला. दोन वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांनी तो तोंडात घातला. वय वाढलं की किळस यायला लागते, तीही घरच्यांच्या चेहऱ्याकडे पाहून. चौथ्या-पाचव्या वर्षी ही किळस नवी कोरी असते. नवी सायकल मिळालेलं पोट्टं दिवसभर ती फिरवत राहतं, तसं हे लेकरूही किळस पुन्हा पुन्हा चालवून पाहतं.

त्यात आपलं गाव त्याला आणखी गोंधळात टाकतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किंवा गावाच्या वेशीवर मोठ्या रंगीत अक्षरांत काय लिहिलेलं असतं ते आठवा. ‘हागणदारीमुक्त गाव’. दुसरीतला एक भाऊ आपल्या धाकट्या बहिणीला ते वाचून दाखवत होता. एकेक अक्षर लावत ‘हा-ग-ण’पर्यंत आला आणि दोघंही रस्त्यावर लोळायला लागली. घरी मार बसला तेव्हा त्याने बापाला विचारलं, “भिंतीवर लिवलं तं चालते, म्या म्हटलं तं काहून मारता?” बापाकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर प्रश्न अगदी बरोबर होता.

या शब्दांबद्दल मोकळेपणाने बोलण्याची परंपरा आपल्याच मातीतली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गावची घाण काढत आणि रात्री कीर्तनात त्याच घाणीबद्दल वऱ्हाडी बोलीत लोकांना खडसावून प्रश्न विचारत. २००० साली राज्यात सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचंच नाव आहे. त्यानंतर गावोगाव पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणारी गुड मॉर्निंग पथकं फिरली, २०१४ नंतर स्वच्छ भारत मिशनात घरोघर संडास झाले. म्हणजे आपल्या गावांनी वीस-पंचवीस वर्षं या विषयावर चारचौघांत, भोंग्यावरून चर्चा केली आहे. तेव्हा घराघरात लेकराशी दोन शब्द बोलायला आपण इतकं बिचकायचं कारण नाही.

## मग ते थांबत का नाही?

इथे एक शब्द शिकून घ्यावा लागेल, ‘प्रबलन’. एखादी गोष्ट केल्यावर हवं ते मिळालं, तर ती पुन्हा करण्याची ओढ वाढते. हवं ते म्हणजे नेहमी खाऊच असतो असं नाही. चार वर्षांच्या लेकराला सगळ्यात जास्त हवं असतं ते मोठ्यांचं लक्ष. हसलात, तरी लक्ष मिळालं. ओरडलात, तरी मिळालं. धपाट्यातही ते मिळतंच, फक्त महाग पडतं.

आता आपल्या एकत्र घरातलं चित्र पाहा. पोट्टं ‘पाद’ म्हणतं. काका खो खो हसतो. आई डोळे वटारते. आबा हात उगारतात. आत्या मोबाइल काढते आणि म्हणते, “पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, स्टेटसले टाकतो.” एका शब्दावर चार माणसं चार दिशांनी धावली. एवढं लक्ष त्याला पाढे म्हणून मिळत नाही, भाजी खाऊन मिळत नाही.

त्याहून चिवट गोष्ट अशी की दाद कधी मिळते, कधी मिळत नाही. तलावावर गळ टाकून बसलेला माणूस पाहिला असेल. दर वेळी मासा लागला असता तर पोट भरल्यावर तो उठला असता. कधीच लागला नसता तर कंटाळून उठला असता. मासा अधूनमधून लागतो, म्हणूनच तो संध्याकाळपर्यंत हलत नाही. तान्ह्या पोळ्याला दहाची नोट आणि दोन दिवसांनी धपाटा मिळालेलं लेकरू त्या गळवाल्यासारखंच शब्दाचा गळ टाकत राहतं.

## आमच्याकडे काय उपयोगी पडलं

त्या आईला मी सांगितलं की शब्द बंद करू नका, त्याला जागा नेमून द्या. संडास आणि न्हाणी या दोन ठिकाणी शी-पादाचं काय वाटेल ते बोल, गाणं म्हण, हस. ताटावर, देवापुढे, पाहुण्यांत आणि अंगणवाडीत नाही. नियम एका वाक्याचा असावा आणि घरातल्या प्रत्येकाने तोच शब्दशः म्हणावा. “हे न्हाणीतलं बोलणं हाय.” बस. चेहरा सपाट, आवाज रोजचा. भाकर वाढताना ‘मीठ दे’ म्हणतो तसा. मग लगेच दुसरं काहीतरी बोलायला घ्यायचं.

अशी नेमून दिलेली मोकळीक आपल्याला नवी नाही. होळीला गावात बोंब मारतात, एरवी जे तोंडातून निघणार नाही ते शिमग्याला निघतं आणि कोणी रागावत नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसं नीट बोलतात. मोठ्यांना वर्षाचा एक दिवस पुरतो. चार वर्षांच्या लेकराला रोजची पाच मिनिटं लागतात.

दुसरं काम थोडं मेहनतीचं, पण मला त्याचाच भरवसा जास्त वाटतो. लेकराला हसायचं आहे ना, मग हसवायला दुसरं द्या. ज्या पायरीवर ते उभं आहे तिच्या पुढची पायरी दाखवा. त्या पोट्ट्याला मी अंगणवाडीत जवळ बसवलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, “आज तुमच्या घरी कढीत काय टाकलं, चप्पल?” तो क्षणभर पाहत राहिला. मग म्हणाला, “नाई. बाबाची गाडी.” मी विचारलं, “मग पोळी कशाची?” “छत्रीची!” शेजारची पोरगी म्हणाली, “आमच्या चुलीत म्हैस झोपली.” दहा मिनिटांत वर्गभर सगळा सैपाक उलटापालटा झाला आणि त्यात एकदाही शी आली नाही. तेच हसू, तेच लोळणं, फक्त विसंगती वेगळी. हल्ली तो स्वतः येऊन विचारतो, “बाई, आज भाजीत काय?”

आणि पाद म्हणजे काय, असं विचारलं तर खरं सांगा. डाळी, वाल, हरभरा यांत काही साखरा अशा असतात की आपल्या लहान आतड्याला त्या पचत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात. तिथले जिवाणू त्या खातात आणि गॅस तयार होतो. थोडी हवा आपण जेवताना गिळलेलीही असते. हा गॅस बहुतेक बिनवासाचाच असतो, वास येतो तो त्यातल्या चिमूटभर गंधकाच्या वायूंचा. फुग्याचं तोंड ताणून हवा सोडली की कडा थरथरून आवाज येतो, तसाच हाही आवाज. धडधाकट माणूस दिवसातून दहा-वीस वेळा पादतो, सरपंचही आणि बाईसुद्धा. ‘पादऱ्याला पावट्याचं निमित्त’ ही म्हण करणाऱ्यांना डाळी-शेंगांचं हे शास्त्र अनुभवाने ठाऊक होतंच. हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडल्या की लेकरांनाही हे समजावून सांगायला सोपं जातं. गुपित उघडं पडलं की त्याची निम्मी गंमत उडून जाते.

## “दुर्लक्ष करून पाहिलं, उलट वाढलं”

हे हमखास होतं. बहुतेक घरं इथेच हात टेकतात. विझायच्या आधी दिवा मोठा होतो, म्हणतात ना, तसंच. नेहमी मिळणारी दाद अचानक बंद झाली की लेकरू आधी आवाज वाढवतं. एकदा म्हणायचं ते दहादा म्हणतं, कानाशी येऊन म्हणतं. नेमकं तेव्हा कोणी हसलं किंवा कोणी मारलं, तर त्याला कळतं की दहादा म्हटल्यावर जमतं. हे काही दिवस सगळ्यांनी मिळून काढावे लागतात. एकट्या आईने ठरवून भागत नाही. म्हणून मी आईला सांगितलं की पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या. त्या आल्या. काकाला समजावायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं, आणि ते त्यांनाच जमण्यासारखं होतं.

## “आमच्या टायमाले एक रट्टा पुरत होता”

आबांचं हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्यांनी अशाच रीतीने लेकरं वाढवली आणि ती चांगली निघाली. पण रट्ट्याने काय थांबत होतं ते त्यांनाच विचारून पाहिलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, “घरात बंद होये. गोठ्यात चाले.” म्हणजे शब्द गेला नव्हता, फक्त मोठ्यांपासून लपला होता. पादलं कोण हे शोधायला बोटाने मोजत म्हणायची ती जुनी मोजणी त्यांना अजून पाठ होती. नातवाला शिकवू का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, शिकवा, पण न्हाणीत.

लेकरू मोठ्यांपासून एक गोष्ट लपवायला शिकलं की इतर गोष्टीही लपवायला शिकतं. मला काळजी आहे ती याची, आणि त्यावर पुढे बोलणारच आहे.

## “हे सगळं मोबाइलनं आणलं”

मोबाइलमध्ये असले व्हिडिओ आहेत आणि ते लेकरापुढून काढायलाच हवेत, याबद्दल वाद नाही. पण हे हसू मोबाइलने आणलेलं नाही. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठाने २००८ साली जगातल्या सर्वांत जुन्या नोंदलेल्या विनोदांचा शोध घेतला. त्यात पहिला नंबर लागला तो आजच्या इराकच्या भागातल्या सुमेर संस्कृतीतल्या एका विनोदाचा. इसवी सनापूर्वी १९०० च्या आसपासचा तो विनोद नवऱ्याच्या मांडीवर बसलेल्या तरुण बायकोच्या पादण्याबद्दल आहे. जवळजवळ चार हजार वर्षं माणसं याच गोष्टीवर हसत आली आहेत.

## “उद्या हा शिव्या देईल”

शी-पादाचा विनोद आणि शिवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाद’ म्हणणारं लेकरू कोणाला खाली पाडत नसतं. शिवी कोणाला तरी लागावी म्हणूनच दिलेली असते. ती आईबहिणीवर जाते, जातीवर जाते, कोणाच्या व्यंगावर जाते. तिथे मी सपाट चेहरा ठेवत नाही. खाली बसून, डोळ्यांत पाहून सांगते की या शब्दाने समोरच्याला दुखतं आणि तो इथे चालणार नाही.

या दोन्हींच्या मधली एक जागा आहे, तिच्याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही. एकदा एका पोरीची चड्डी अंगणवाडीतच ओली झाली. सतरंजीवर डाग पसरला तशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. दोन पोट्ट्यांनी तिला लगेच नाव पाडलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, तिने ते पुरेसं ऐकलं आहे. पादावर हसलं तर मी कानाडोळा करते, पण एखाद्याच्या अंगावरून हसलं तर तिथल्या तिथे थांबवते. त्या दिवशी ज्या दोघांनी नाव पाडलं, त्यांनाच मी फडकं आणि बादली आणायला लावली. शिक्षा म्हणून नाही. सांडलेलं पाणी पुसतो तसंच हेही पुसायचं असतं, हे त्यांना दिसावं म्हणून. पोरीला मदतनीसताईने कोरडी चड्डी घातली. तिघांनी मिळून सतरंजी उन्हात टाकली.

## लाज इतकी नको की दुखणं लपेल

लिहायला बसले ती खरं तर या भागासाठी.

लेकराला ‘हे शब्द घाण, ही जागा घाण’ एवढंच शिकवलं, तर त्या जागेचं दुखणंही त्याला घाण वाटायला लागतं. मग ते सांगत नाही.

बद्धकोष्ठाचंच घ्या. एकदा शी करताना दुखलं की लेकरू पुढच्या वेळी ती धरून ठेवतं. परसातला संडास अंधारा असतो, भोक मोठं, पालीची भीती, रात्री एकटं जायचं. तेवढ्यासाठीही धरून ठेवतं. आत राहिलेली शी सुकून कडक होते, मग आणखी दुखतं, मग आणखी धरून ठेवतं. पुढे त्या कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी नकळत झिरपते आणि चड्डी खराब होते. घरचे म्हणतात, “एवढं मोठं झालं, लाज नाई वाटत?” लेकराला ते झिरपणं कळतही नसतं. त्याला रागवून काहीच होत नाही. डॉक्टरांना दाखवावं लागतं. पाणी, भाज्या, पेरू-केळी वाढवावी लागतात, आणि जेवण झाल्यावर थोड्या वेळाने दहा मिनिटं बसवण्याची सवय लावावी लागते. पोटात अन्न गेलं की आतड्याला आपोआप हलायचा इशारा मिळतो, म्हणून ती वेळ बरी. संडासात एक दिवा लावा, दाराबाहेर कोणीतरी उभं राहा. इतक्या साध्या गोष्टीने फरक पडलेला मी पाहिला आहे.

जंतांचंही तसंच. दरवर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनाला आम्ही लेकरांना अल्बेंडाझोलची गोळी समोर उभं राहून चावायला लावतो. तरी मध्ये कोणाला जंत होतात, कोणाला रात्री शीच्या जागी खाज सुटते. एक दिवस एक पोट्टा खेळ अर्धा सोडून माझ्याकडे आला आणि मोठ्याने म्हणाला, “बाई, माह्या शीत पांढरा किडा होता. वळवळ करे.” बाकीची लेकरं हसून लोळायला लागली. मी हसले नाही. शाब्बास म्हटलं, किती मोठा होता ते विचारलं, आणि दुपारी नर्सताई आल्या तेव्हा त्याला पुढे केलं. हे बोलायची त्याला लाज वाटली असती, तर मला कधी कळलं असतं?

जुलाब लागले, शीत रक्त दिसलं, लघवीला आग होते, हे सगळं आपल्याला लेकराच्याच तोंडून कळायचं असतं. पोरी तर शाळेतल्या संडासाला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि तसं केल्याने लघवीचा त्रास होऊ शकतो. पाण्याची बाटली भरलेलीच परत आली तर विचारा.

आणि एक अवघड गोष्ट. कपड्याखालच्या जागांची साधी नावं लेकराला माहीत हवीत, आणि ती नावं आईसमोर उच्चारली तर मार बसत नाही हेही माहीत हवं. कोणी नको तिथे हात लावला तर ते सांगायला त्याच्याकडे शब्द पाहिजे. मुलांना अशा अत्याचारापासून वाचवण्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ हा मदतीचा फुकट नंबर आहे. पण कायदा आणि नंबर पुढचं काम करतात. पहिलं वाक्य लेकरालाच बोलावं लागतं.

तेव्हा डॉक्टरांना किंवा नर्सताईला दाखवायची वेळ कोणती? कोरडं राहणारं लेकरू अचानक पुन्हा ओलं करायला लागलं, चड्ड्या लपवायला लागलं, शी करताना रडायला लागलं, किंवा वयाला न शोभणारं, कुठून शिकलं हे न कळणारं काही बोलायला-करायला लागलं तर थांबू नका. नुसतं ‘पाद’ म्हणून हसणं यात येत नाही. ते बहुतेक लेकरांचं सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप ओसरतं.

## दीड महिन्यानंतर

कोजागरी झाल्यावर त्या घरी गृहभेटीला गेले होते. ओसरीवर आबा तूर निसत बसले होते. चहा होईपर्यंत पोट्टा माझ्यापाशी बसला, मग एकदम उठून न्हाणीकडे पळाला. कडी लावल्याचा आवाज आला. आतून मोठमोठ्याने सगळे शब्द एका दमात ऐकू आले, मागून त्याचं ते लोळणारं हसू, मग बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज. आईने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला, पण हसली.

आबांनी मान वर न करता विचारलं, “झालं का?”

“झालं,” ओले हात चड्डीला पुसत तो बाहेर आला आणि त्यांच्याबरोबर तूर निसायला बसला.